मे महिन्यातलं अंदमान: पॅकेज घेण्याआधी नाश्त्याची वेळ विचारा

रद्द झालेल्या बोटीचा रिफंड अखेर खात्यात जमा झाला, म्हणून अंदमानच्या सहलीचा हा अनुभव पूर्ण करते आहे. अर्धा भाग जूनमध्ये लिहून ठेवला होता, तेव्हा डोकं तापलेलं होतं. आता वाचताना त्यातलं फारसं काही खोडावंसं वाटत नाही. जिथे मत बदललं, तिथे तसं सांगितलं आहे.

आम्ही विलेपार्ल्याचे. नवरा, मी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासरे. हॅवलॉक आणि नील ही अंदमानातली बेटं, आणि सेल्युलर जेल हा पोर्ट ब्लेअरमधला जुना तुरुंग. 2018 पासून हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं आहे, 2024 पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम, पण जेट्टीवर सगळे जुनीच नावं घेतात, म्हणून मीही तीच लिहिते. जानेवारीत एका टूर कंपनीकडून 'ऑफ-सीझन फॅमिली पॅकेज' घेतलं आणि मेच्या सुरुवातीला निघालो. डिसेंबरच्या मानाने हॉटेलांचे दर खरंच खाली आले होते. विमानाचं मात्र तसं नाही. मुंबईच्या शाळांना सुट्टी लागली की सगळे एकदम निघतात, त्यामुळे चेन्नई किंवा कोलकात्यावरून जाणारं तिकीट मेमध्ये स्वस्तात मिळेल अशी आशा धरू नका. ऑफ-सीझन असतो तो फक्त खोलीच्या भाड्यात.

आता मुख्य मुद्दा. हॅवलॉकच्या हॉटेलात नाश्ता साडेसातला सुरू व्हायचा. वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? माझ्या मते आमच्या पैशांचा निम्मा मोबदला त्या साडेसातने खाल्ला.

घड्याळ पाहा. भारतभर एकच वेळ, पण मुंबई साधारण 73 रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर जवळपास 93 वर. वीस अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे एक तास वीस मिनिटं पुढे असतो. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य सहाच्या पुढे उगवतो, तिथे पाचला उगवलेला असतो. आपल्याकडे संध्याकाळी सातनंतर मावळतो, तिथे साडेपाच-पावणेसहालाच गेला. ऊन डोक्यावर येतं ते साडेबाराला नाही, सव्वाअकरालाच. म्हणजे तिथले साडेसात हे उन्हाच्या हिशेबाने आपले पावणेनऊ. नाश्ता उरकून, सामान घेऊन, गाडीत बसून किनाऱ्यावर पोचेपर्यंत नऊ-साडेनऊ वाजतात. जुहूला मेमध्ये सकाळी पावणेअकराला मुलांना घेऊन कोण जातं?

त्यात सूर्याचा कोन. मुंबईत शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो तो, 15 मेच्या आसपास येतो, पोर्ट ब्लेअरला तो 20 एप्रिलच्या सुमारास येऊन गेलेला असतो. म्हणजे मेच्या सुरुवातीला तिथलं दुपारचं ऊन जवळजवळ उभंच पडतं. तापमानाचा आकडा फसवतो: 32-33 अंश, आपल्याला सवयीचे. पण दमटपणा आणि पांढऱ्या वाळूवरून परत उसळणारं ऊन यांनी मोठी माणसंसुद्धा अर्ध्या तासात गळून जातात. सासऱ्यांना पहिल्याच दिवशी मळमळू लागलं, ओआरएस पाजून खोलीत झोपवावं लागलं.

आणि कंपनीच्या छापील कार्यक्रमात प्रत्येक दिवसाचं पहिलं वाक्य काय? 'सकाळी नाश्त्यानंतर...' नाश्त्यानंतर कालापत्थर. कालापत्थर हा पूर्वेकडचा किनारा, तिथे जायचं ते सूर्योदयाला. साडेनऊला तिथे पोचलेल्या कुटुंबांना आम्ही पाहिलं. गाडीतून उतरतात, डोळ्यांवर हात धरून दोन फोटो काढतात, शहाळं पितात आणि परत गाडीत बसतात. हजारो रुपये भरून आलेली माणसं! कार्यक्रम आखणाऱ्याने मे महिन्यात एकदा तरी तिथे सकाळ काढली होती का, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मी त्यांना ईमेलवर विचारलाही होता. उत्तर आलं नाही.

हॉटेलच्या मॅनेजरशी बोलले. बंगाली गृहस्थ, अतिशय सभ्य. म्हणाले, दीदी, साडेसातच्या आत किचन उघडत नाही, पॅक ब्रेकफास्ट देतो. दुसऱ्या दिवशी पहाटे रिसेप्शनवर फॉइलमध्ये गुंडाळलेला तो नाश्ता मिळाला: जॅम लावून एकमेकांना चिकटलेले ब्रेडचे स्लाइस, एक उकडलेलं अंडं, एक केळं. रात्रीच बांधून ठेवलेला असल्यामुळे ब्रेड ओला झाला होता आणि अंड्याला वास येत होता. नाश्त्याचे पैसे पॅकेजमध्ये पूर्ण धरलेले. सुदैवाने मी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळपापडी नेली होती, सकाळी सगळे त्यावर राहिले.

आणि मग ती सकाळ मिळाली. इथे मात्र तक्रारीला जागा नाही. पावणेपाचला रिक्षा सांगितली होती. कालापत्थरला पोचलो तेव्हा आभाळ उजळत होतं आणि पाणी ताटात ओतल्यासारखं स्थिर होतं. पावसाळ्याआधीच्या या दिवसांत, वादळ नसेल तर, अंदमानचा समुद्र अतिशय शांत असतो, आणि डिसेंबरच्या गर्दीत हे सुख मिळत नाही. धाकटी पाण्याला घाबरणारी. पार्ल्यात पोहण्याच्या क्लासला रडायची. तिथे गुडघाभर पाण्यात मास्क लावून तिने तोंड बुडवलं, वर काढलं, काच पुसली, पुन्हा बुडवलं. काचेवर धुकं धरत होतं, ते आतून थुंकी चोळून धुवायला तिला मोठ्या भावाने शिकवलं. तिसऱ्यांदा ती वर आलीच नाही, तशीच तरंगत राहिली, पाठ पाण्याबाहेर आणि पाय हळूहळू हलत होते. खाली निळ्या-हिरव्या पोपटमाशांचं एक टोळकं दगडावरचं शेवाळ खरवडत होतं, त्याचा करकर आवाज पाण्यात ऐकू येतो. सव्वासातपर्यंत किनारा जवळजवळ आमचाच होता. आठला ऊन चावायला लागलं तेव्हा आम्ही परत निघालो होतो, आणि समोरून पहिल्या टुरिस्ट गाड्या येत होत्या.

म्हणून माझं ठाम मत: मेमध्ये अंदमानला जाऊ नये असं अजिबात नाही. जावं. पण तिथला दिवस पावणेपाच ते आठ आणि साडेतीन ते साडेपाच एवढाच धरावा, आणि मधला वेळ सावलीत काढायची सोय पैसे भरण्याआधी पाहावी. सोय म्हणजे एसी. बेटांवरची वीज मुख्यतः डिझेलवर चालते आणि उन्हाळ्यात ती जाते. हॉटेलवाला 'फुल बॅकअप' म्हणतो, पण तो बहुतेक दिवे-पंख्यांपुरता असतो. 'जनरेटरवर खोलीतला एसी चालतो का?' असा सरळ प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आमच्याकडे चालत नव्हता. नीलला भर दुपारी दीड तास वीज नव्हती, सासरे व्हरांड्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते.

भरती-ओहोटीही अशीच, आधी पाहून ठेवायची गोष्ट. कोकणातल्या माणसाला तिथीवरून भरतीची वेळ काढायची सवय असते, माझ्या सासऱ्यांना आहे. मुंबईचं ते गणित तिथे लागू होत नाही, पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल वेगळं पाहावं लागतं. नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. हॅवलॉकच्या पाच नंबरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं आणि पायाखाली दगड लागतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, हा फरक मोठा असतो, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. कंपनीच्या कार्यक्रमात भरतीचा उल्लेखच नव्हता.

इथवर जूनमध्ये लिहिलेलं. पुढचं आत्ताचं.

परतीच्या टप्प्यात हॅवलॉक ते पोर्ट ब्लेअर ही खासगी बोट हवामानामुळे रद्द झाली. त्याबद्दल मला कुणालाही दोष द्यायचा नाही. नैऋत्य मान्सून अंदमानात साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, 2025 मध्ये तो 13 मेलाच दाखल झाला, आणि त्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळं होतात. 2023 चं मोखा आणि 2024 चं रेमाल, दोन्ही मे महिन्यातली. म्हणून मुंबईच्या शाळांना सुट्टी लागल्यापासून पाऊस येईपर्यंत खरे कामाचे दिवस दहा-बारा. त्यातही परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला मुक्काम हवाच. आमचा होता म्हणून विमान चुकलं नाही. आम्ही जेट्टीवर रांगेत उभं राहून सरकारी बोटीची तिकिटं स्वतः काढली. ती बोट वेळ जास्त घेते, तिकीट बरंच स्वस्त, आणि खालच्या डेकवर डिझेलचा वास. वर उभं राहून आलो तर छान वाटलं.

भांडण पुढे आहे. रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे टूर कंपनीने परत करायचे होते. जूनमध्ये सांगितलं, 'बोटवाल्यांकडून आले नाहीत.' जुलैमध्ये तेच, माणूस वेगळा. मग मी बोट चालवणाऱ्यांना थेट ईमेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं, की परतावा एजंटच्या खात्यात मेमध्येच जमा केला आहे, सोबत व्यवहार क्रमांक. तो जोडून कंपनीला पाठवला, तेव्हा 'प्रोसेसिंग चार्जेस' कापून निम्मी रक्कम देऊ म्हणाले. आपल्याला पूर्ण परत मिळालेल्या पैशातून ग्राहकाचे निम्मे कापायचे! नवरा म्हणाला, सोड, एवढ्याशा रकमेसाठी किती मागे लागणार. मी सोडलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, हे पुरावे जोडले. त्यानंतर कंपनीतून मला आपणहून फोन आला आणि पूर्ण रक्कम मिळाली. ज्यांचे पैसे असे अडकले आहेत त्यांनी एजंटशी वाद घालत बसण्यापेक्षा आधी बोटीच्या किंवा हॉटेलच्या मूळ कार्यालयाकडून परताव्याचा कागद मिळवावा.

एका गोष्टीबद्दल मत पूर्ण पालटलं: लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट. जाण्याआधी मुलांसाठी घेतले तेव्हा एका शर्टाला नऊशे रुपये मला जिवावर आले होते, एका सहलीसाठी एवढं कशाला असं वाटलं. तिथे पालथं तरंगताना ऊन सगळं पाठीवर, मानेवर आणि गुडघ्यांच्या मागे पडतं. शर्टामुळे पाठ वाचली, गुडघ्यांमागे मात्र दोघंही सोलली गेली, म्हणून लांब पायांची पँटही घ्या. शिवाय सनस्क्रीन कमी लागतं, आणि ते प्रवाळाच्या दृष्टीनेही बरं. उघड्या भागाला झिंक ऑक्साइडवालं लावलं. नीलला भरतपूरच्या किनाऱ्यावर पांढरी पडलेली प्रवाळं पाहिली. समुद्राचं पाणी फार तापलं की त्यांचा रंग जातो. 2010 आणि 2016 च्या उन्हाळ्यांत अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं. मुलगा बराच वेळ त्याबद्दल विचारत होता. ते शर्ट जूनपासून पोहण्याच्या तलावावर रोज वापरात आहेत. क्लोरीनने रंग थोडा उतरला, काखेतली शिवण अजून शाबूत आहे. आता धाकटी रडत नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाश्या असतात. दिसत नाहीत, घोट्याभोवती चावतात आणि खाज आठवडाभर राहते. खोबरेल तेलाचा जाड हात पायांवर फिरवला तर कमी चावतात, हे आम्हाला रिक्षावाल्याने सांगितलं आणि ते खरं निघालं. शंख-प्रवाळ उचलून पिशवीत टाकू नका. प्रवाळ तर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासतात.

सेल्युलर जेलही सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. आम्हाला नेलं अकराला. सावरकरांच्या कोठडीपर्यंतचे जिने चढायला सासऱ्यांना उन्हाने त्रास झाला, पण ते थांबले नाहीत. कोठडीत बराच वेळ हात जोडून उभे होते. गाइड घाई करत होता, त्याला मी बाहेर थांबायला सांगितलं.

पुढच्या वर्षी परत जायचं ठरलं आहे, यावेळी कंपनीशिवाय. नीलमधल्या काही छोट्या लॉजना एकच मेसेज पाठवला: किचन किती वाजता उघडतं, जनरेटरवर एसी चालतो का, पावसाने बोट रद्द झाली तर एका रात्रीचे पैसे परत मिळतील का. बहुतेकांनी फक्त दरपत्रक पाठवलं. एका लॉजने लिहिलं की साडेचारला चहा आणि पुरी-भाजी मिळेल, एसीचं रात्री नक्की, दुपारी सांगता येत नाही, आणि बोट रद्द झाली तर रात्रीचे पैसे घेणार नाही. दुपारच्या एसीबद्दल खरं सांगितलं म्हणूनच तिथे आगाऊ रक्कम भरली. विमानाची तिकिटं मुलांच्या परीक्षेच्या तारखा लागल्या की काढणार. एप्रिलच्या शेवटी सुटका झाली तर उत्तमच, पाऊस आणखी लांब असेल.