चवडा रुंद, दुकान अरुंद: मुंबईत पायात काय घालावं?

रुंद पायाच्या बाईला दुकानात एकच सल्ला मिळतो: "मॅडम, एक नंबर वर घ्या." मी तो वीसेक वर्षं इमानाने पाळला. पाय पाच नंबरचा आणि कपाटात सहा-सात नंबरचे जोड. चवडा तरीही आवळलेला तो आवळलेलाच, वर टाच सुटायला लागली. दादरच्या पुलावरून संध्याकाळी उतरताना टाच सुटणारी चप्पल घातली असेल, तर मागच्या माणसाचा पाय तिच्यावर पडणार हे ठरलेलंच.

हिशेब साधा आहे. आपल्याकडे चालतं ते यूकेचं माप. त्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, जवळपास साडेआठ मिलिमीटर लांबी. रुंदी त्या मानाने किरकोळच वाढते. म्हणजे बाजूला जागा हवी म्हणून आपण पुढे जागा विकत घेतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरने मोजले. आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा सरासरीने रुंद निघाले आणि त्यावरून 'भा' नावाची देशी मापपद्धती सुचवली गेली. ते वाचून मला आधी हायसं वाटलं, मग राग आला. इतकी वर्षं मी माझ्या पायांना दोष देत होते.

माझा पाय असा: चवडा फताडा, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, आणि धाकट्याच्या वेळी अर्धा नंबर वाढलेला पाय पुन्हा मूळ मापावर आलाच नाही. घरात सासूबाईंना मधुमेह, आणि धाकट्या दिरांची पहाटेची टाचदुखी. खाली जे लिहिलंय ते या तीन प्रकारच्या पायांवरून.

कोल्हापुरी की कॉर्कची सँडल?

पावसाळा सोडून रोज घालायला, साडीवर आणि जीन्सवरही चालेल असं काही हवं असेल तर खरा सामना या दोघींत आहे.

कोल्हापुरीची बाजू आधी. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. पहिले आठ दिवस ती चावते, तेल पाजलं की नरमते आणि मग पट्टा तुमच्याच पायाचा आकार घेतो. रुंद पायाला हे वरदान. पण पट्टा सैलावतो म्हणून तळही रुंदावेल, असं मात्र होत नाही. माझी करंगळी पहिल्या जोडीत कायम तळाबाहेर, रस्त्यावर. म्हणून दादरला घ्यायला गेलात तर नंबर सांगू नका, पाय दाखवा आणि रुंद तळाचा जोड मागा. नसेल तर कागदावर पाय आखून मागवून द्याल का, असं विचारा. कोल्हापूरशी नेहमीचा व्यवहार असलेले दुकानदार असं काम घेतात.

हाड बाहेर आलेलं असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. पट्टा त्या हाडावरून जातो की हाडाच्या मागून? हाडावरून जात असेल तर चप्पल कितीही देखणी असो, खाली ठेवा. मागून जाणारा रुंद पट्टा असेल तर मी दिवसभर विनातक्रार चालते.

कोल्हापुरी हरते ती टाचेशी. तळ सपाट आणि टणक, मऊपणा नावालाही नाही. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं टाचेत सुई टोचल्यासारखी पडत असतील, तर कोल्हापुरीचा मोह आवरा.

तिथे कॉर्कची सँडल जिंकते. टाच बसायला खोलगट वाटी, मधे कमानीला आधार, पुढे बोटं मोकळी, आणि वर दोन बकलं, म्हणजे संध्याकाळी पाय सुजला की एक भोक सैल. बर्केनस्टॉक या कंपनीच्या जोडीवर पावलाचं छोटं चित्र असतं: नुसती बाह्यरेषा असेल तर रुंदी रेग्युलर, भरीव पाऊल असेल तर अरुंद. रेग्युलरच पुष्कळ ऐसपैस असते. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत, चित्र स्वतः बघा.

दिसायचं म्हणाल तर साडीखाली ती ओबडधोबड दिसते, यावर माझं आणि माझ्या बहिणीचं एकमत आहे. कुर्ता-पलाझोवर छान. किंमत कोल्हापुरीच्या कितीतरी पट. लिंकिंग रोडवर तशाच दिसणाऱ्या सँडल खूप स्वस्तात मिळतात, पण बाजूच्या कडेला नख दाबून बघा. बहुतेकींत कॉर्क हे नुसतं छापलेलं चित्र असतं, आत फोम, आणि तो दोन महिन्यांत बसतो.

पावसाचं दोघींनाही वावडं. भिजलेली कोल्हापुरी फुगते, कपाटात ठेवली की तिला बुरशी येते. भिजून चिंब झालेलं कॉर्क तडकतं. जून ते सप्टेंबर ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचे, पूर्ण प्लास्टिकसारखे जोड घ्या. क्रॉक्सवर 'रूमी फिट' असं लिहिलेलं आढळलं तर तो रुंद पायांसाठीच. फक्त तळावरची नक्षी झिजली की फेकून द्या. ओल्या फलाटावर झिजलेलं ईव्हीए साबणासारखं सरकतं.

बायकांचा रुंद बूट की पुरुषांचा साधा बूट?

ही युक्ती मला फार उशिरा कळली. अमेरिकन पद्धतीत रुंदीला अक्षरं असतात. पुरुषांचा नेहमीचा बूट 'डी', बायकांचा 'बी'. बायकांच्या बुटात 'डी' म्हणजे रुंद! त्याच न्यायाने पुरुषांत '२ई' रुंद आणि '४ई' फारच रुंद. स्पोर्ट्स शूजमध्ये यूकेचा नंबर बहुतेक कंपन्यांत बायका-पुरुषांना सारखाच लागतो. म्हणजे तुमचा पाय सहाचा असेल तर पुरुषांच्या विभागातला सहा नंबरचा साधा बूट बायकांच्या सहापेक्षा आपोआप रुंद.

न्यू बॅलन्स खोक्यावर रुंदीचं अक्षर छापते, स्केचर्सच्या काही जोड्यांवर 'वाइड फिट' असतं. मात्र मुंबईच्या मॉलमध्ये बायकांचे रुंद जोड मोजकेच आणि तेही बहुधा राखाडी किंवा काळे. पुरुषांच्या भिंतीवर निवड दसपट. पांढरा स्नीकर तर कुणाचा आहे हे कुणाला ओळखूच येत नाही. अडचण एकच: पुरुषांचे नंबर साधारण सहापासून सुरू होतात. माझ्यासारख्या पाच नंबरवालीला मोठ्या मुलांचे जोड चाळावे लागतात. तिथे किंमतही कमी असते, हा फायदाच.

टाच अरुंद आणि चवडा रुंद अशी जोडी असेल तर पुरुषांच्या बुटात टाच थोडी हलेल. लेस चवड्यापाशी एक भोक वगळून ओवा आणि घोट्यापाशी शेवटच्या भोकातून घट्ट बांधा. माझं काम यानेच झालं.

ऑफिसला

इथे फार वेळ घालवत नाही. बॅलेरिना नको. तिला धरून ठेवायला ना पट्टा ना लेस, ती पायावर टिकते ती बोटं चिमटून. लोफरही बरा नाही. पहिल्या दिवशी घट्ट असेल तर जागा करून द्यायला त्यात काही नाही. वरून पट्टा असलेला, पुढून गोल किंवा चौकोनी 'मेरी जेन' घ्या, तोही कातड्याचा.

पुरुषांनी ऑक्सफर्ड सोडून डर्बी बघावा. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, पण डर्बीच्या लेसच्या दोन पाळ्या वरून शिवलेल्या असतात, त्यामुळे त्या चांगल्या उघडतात. ऑक्सफर्डच्या पाळ्या खाली दाबून शिवलेल्या. पावलाची पाठ उंच आणि चवडा रुंद असलेला माणूस त्यात कोंडला जातो. आमच्या दिरांनी लग्नातला ऑक्सफर्ड पुढे कुठल्याच लग्नात घातला नाही.

एमसीआर की करून घेतलेला जोड?

परळला हॉस्पिटलांच्या आसपासच्या सर्जिकलच्या दुकानांत एमसीआर चपला मिळतात. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांसाठी ती पहिली पायरी. सासूबाईंना आम्ही घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही तर आजारी माणसाची चप्पल." खरंच तशी दिसते. पण आता रंगीत पट्ट्यांच्याही येतात, वेल्क्रोच्या. घेताना मागे टाचेला पट्टा हवाच आणि अंगठ्यात अडकवायची दांडी नको. संवेदना नसलेल्या बोटांमधे ती जखम करते आणि ते कळतही नाही. त्याच कारणाने त्यांच्यासाठी कोल्हापुरी बाद. सिद्धिविनायकाच्या रांगेत अनवाणी उभं राहणंही बंद केलं, निदान जाड मोजे तरी घालायला लावतो.

पाय आकारानेच वेगळा असेल, म्हणजे बोटावर बोट चढलेलं, एक पाय लहान, किंवा जुनी जखम, तर दुकानं हिंडून उपयोग नाही. हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे डॉक्टर बघतात आणि गरजेप्रमाणे पायाच्या मापाचं पादत्राण करून मिळतं. वेळ लागतो, खेपा पडतात. दिसण्याची अपेक्षा थोडी बाजूला ठेवून जा.

पाय निरोगी पण नुसता रुंद असेल आणि जोड सुंदर हवा असेल तर कुर्ला-चेंबूरच्या मधल्या ठक्कर बाप्पा कॉलनीत जा. गल्लोगल्ली चपला-बुटांचे कारखाने. त्यांचा धंदा घाऊक, एक जोड म्हटलं की आधी नाहीच म्हणतात. मी शनिवारी दुपारी गेले, सोबत आखलेला पाय आणि आवडलेल्या सँडलचा फोटो. तिसऱ्या कारागिराने विचारलं, "फर्मा कौनसा लगाऊं?" फर्मा म्हणजे ज्या साच्यावर जोड चढवतात तो. हाच प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता! त्याने रुंद फर्म्यावर हाडाच्या जागी कातड्याचा तुकडा चिकटवून फुगवटा केला आणि त्यावर माझी सँडल ओढली. चांगल्या ब्रँडच्या सँडलपेक्षा स्वस्त पडली. शिवण एका बाजूला किंचित वाकडी आहे आणि ती माझ्याशिवाय कुणाला दिसलेली नाही.

लग्नाला

भाचीच्या लग्नात नऊवारीखाली उंची हवी होती. पेन्सिल हील आणि ब्लॉक हील असा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता ब्लॉक हील की पुढूनही जाड तळाची. मी दुसरी घेतली. टाचेची उंची सात सेंटिमीटर असली तरी पुढचा तळ तीनचा असेल तर पायाला उतार चारचाच लागतो, वजन बोटांवर कमी येतं. पंगत संपेपर्यंत टिकले. जोड पुढून उघडा होता. बंद असता तर हाडाने बंड केलं असतं.

कुठलाही जोड संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय पसरलेला असतो तेव्हा. आत सुटी गादी असेल तर ती बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभ्या राहा. पाय कडेबाहेर सांडला तर तो जोड तुमचा नाही. मग "घातल्यावर सैल होईल" हे कुणीही म्हणो. मला एका मोठ्या दुकानात असंच सांगून रेक्झिनचे बूट दिले होते. सैल झाले नाहीत, फाटले.

घरात आधीच घेऊन ठेवलेला घट्ट जोड असेल आणि तो कातड्याचा असेल तर स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे न्या. नेमकी जागा बॉलपेनने खूण करून द्या, तो फर्म्यावर दोन दिवस ताणून ठेवतो. आमच्या मुलुंडचा मोची जोड हातात घेऊन आधी आत नाक घालून वास घेतो. रेक्झिन असेल तर एक शब्द न बोलता परत देतो.