प्रॉकडंप: काही महिने प्रॉडक्शन सर्व्हरवर वापरल्यानंतर

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून राइट क्लिकने डंप (चालू प्रोसेसच्या मेमरीची फाइलमध्ये घेतलेली प्रत) निघतोच, मग प्रॉकडंपसारखं वेगळं टूल कशाला? कारण प्रोसेस बिघडते तेव्हा बहुधा स्क्रीनसमोर कोणी नसतं. शिवाय ६४-बिट टास्क मॅनेजरने ३२-बिट प्रोसेसचा डंप घेतला, तर डॉटनेट प्रोग्रॅमचे डंप तपासणारं डीबगरचं एसओएस एक्स्टेन्शन त्यावर चालत नाही. सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या टूलसंचातलं प्रॉकडंप ३२-बिट प्रोसेसचा डंप ३२-बिटच काढतं. इन्स्टॉल काही करावं लागत नाही, एक्झी फाइल कॉपी केली की झालं.

आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर डब्ल्यू३डब्ल्यूपी, म्हणजे वेब ॲप चालवणाऱ्या प्रोसेस, एकाच वेळी अनेक चालू असतात. नाव देऊन उपयोग नाही; 'ॲपसीएमडी लिस्ट डब्ल्यूपी' चालवून नेमक्या ॲप पूलचा (एकत्र चालणाऱ्या वेब ॲपच्या गटाचा) पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, शोधायचा. प्रोसेस हँग झाली असेल तर प्रॉकडंपला द्यायचे पर्याय: 'डॅश एमए, डॅश एस १०, डॅश एन ३' आणि पुढे तो पीआयडी: दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन पूर्ण डंप. तिन्हींत तोच थ्रेड (प्रोसेसमधला कामाचा एक धागा) त्याच स्टॅकवर (फंक्शन कॉलच्या साखळीवर) दिसला, तर घोडं तिथेच अडलंय. एकाच डंपवरून हे ठरवता येत नाही. 'डॅश एमए' विसरलात तर मोजकीच माहिती असलेला मिनी डंप मिळतो आणि डॉटनेट हीप (प्रोग्रॅमचे ऑब्जेक्ट असतात ती मेमरी) तपासायला तो कुचकामी.

सीपीयूचा वापर ठरावीक मर्यादेवर गेला की डंप घेणारा सीपीयू ट्रिगर भल्याभल्यांना फसवतो. 'डॅश सी ८०' म्हणजे सगळे कोअर मिळून ८० टक्के. आठ कोअरच्या मशीनवर एक थ्रेड लूपमध्ये फिरला तरी आकडा १२.५ वरच राहतो, आणि ट्रिगर रात्रभर वाट पाहत बसतो. 'डॅश यू' जोडला की हिशोब एका कोअरवर येतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र डंप लिहिला जातानाची. तेवढा वेळ प्रोसेस गोठलेली असते. आयआयएस तिला पिंग करत राहतं (जिवंत आहे का, ते विचारत राहतं) आणि डीफॉल्ट ९० सेकंदांत उत्तर आलं नाही तर तिला मारून टाकतं. हाती येतो अर्धवट डंप, ॲप रीस्टार्ट झालेलं, पुरावा गायब. म्हणून ॲप पूलचं पिंगिंग आधी बंद करायचं (नंतर चालू करायला विसरू नका) आणि फाइल नेटवर्क शेअरवर न टाकता लोकल डिस्कवर लिहायची. 'डॅश आर' आधी प्रोसेसचा क्लोन घेऊन त्यावरून डंप लिहितं, त्यामुळे गोठण्याचा वेळ बराच घटतो. गर्दीच्या वेळी तोच बरा.

पूर्ण डंप जवळपास प्रोसेसच्या कमिट मेमरीएवढा (सिस्टमने तिच्यासाठी राखलेल्या मेमरीएवढा) होतो. १२ जीबीची प्रोसेस असेल तर तीन डंपांना ३६ जीबी मोकळे हवेत, तेही सी ड्राइव्ह सोडून. त्यात कनेक्शन स्ट्रिंग, पासवर्ड, ग्राहकांचा डेटा उघडा असू शकतो. ईमेलने पाठवायची ही वस्तू नव्हे.

तक्रारी दोन. पहिल्यांदा चालवताना परवान्याची संमती मागितली जाते, त्यामुळे शेड्यूल्ड टास्क तिथेच अडकतो. 'डॅश ॲक्सेप्टयूला' द्या. आणि एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना उद्भवलेली चूक) आल्यावर डंप घेणाऱ्या 'डॅश ई १' सोबत 'डॅश एफ' फिल्टर नसेल, तर पहिल्याच निरुपद्रवी एक्सेप्शनवर डंप निघतो आणि टूल काम संपवून मोकळं होतं, कारण 'डॅश एन' न दिल्यास एकच डंप घेतला जातो.