क्रोमचा नेटवर्क टॅब आणि कन्सोल, काही महिने वापरल्यावर (आणि तो २५० चा वैताग)

होस्टिंगवाल्याशी (ज्याच्या सर्व्हरवर आमची साईट आहे) भांडण झालं नसतं तर मी एवढ्या खोलात गेलोच नसतो. आमची केळी भावाची साईट आहे, रावेर, सावदा, फैजपूर, यावलकडचे शेतकरी-व्यापारी बघतात. सकाळी भाव टाकला की पान उघडता उघडेना. सावद्याच्या एका व्यापाऱ्याचा रोज फोन, "काय भो, भाव दिसेना, आज बुऱ्हाणपूरचाच धरू का?" आणि होस्टिंगवाल्याचं ठरलेलं उत्तर, तुमच्याकडचं नेट स्लो आहे, नाहीतर मोठा प्लॅन घ्या. मोठा प्लॅन म्हणजे जवळपास दुप्पट पैसे, आणि मॉनिटरिंग सर्व्हिस घ्यावी तर दर महिन्याला डॉलरमध्ये. दोन्ही देणार नव्हतो.

मग एफ१२ दाबून क्रोमची डेव्हलपर टूल्स उघडली. त्यातला नेटवर्क टॅब (पानाने मागवलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे रिक्वेस्ट, आणि तिला लागलेला वेळ दाखवतो) कसा उघडायचा ते सगळ्यांना माहितीये, पण रिक्वेस्टवर क्लिक करून आतलं टायमिंग किती जण बघतात? भावाच्या रिक्वेस्टला 'वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स' अडीच सेकंद आणि कंटेंट डाउनलोड ३० मिलीसेकंद. त्याच सर्व्हरवरच्या लोगोचं वेटिंग ६० मिलीसेकंदांच्या आसपास. नेट स्लो असतं तर लोगोपण रखडला असता ना! ('डिसेबल कॅश' टिक करूनच बघा, नाहीतर लोगो कॅशमधून, म्हणजे ब्राउझरने आधीच साठवलेल्या प्रतीतून येतो आणि तुलनाच होत नाही.) हार फाईल (टॅबमधल्या सगळ्या रिक्वेस्ट आणि वेळांची नोंद) एक्स्पोर्ट करून होस्टिंगवाल्याला पाठवली. क्रोम १३० पासून त्यातून कुकीज आणि ऑथरायझेशन हेडर (लॉगिनची ओळख सांगणारी माहिती) आपोआप काढले जातात, त्यामुळे अनोळखी सपोर्टवाल्याला द्यायला भीती वाटली नाही. फाईल बघितल्यावर त्यांची भाषा बदलली, त्याच प्लॅनमध्ये दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं, आता वेटिंग ३००-४०० मिलीसेकंदांवर आहे. गुगल ८०० पर्यंत चांगलं धरतं. इथपर्यंत पाचपैकी पाच.

पण हा टॅब फक्त माझं मशीन दाखवतो आणि तेही उघडा असेल तेव्हाच. टॅबमधलं नेट मुद्दाम हळू करणारं 'स्लो ४जी' सेटिंग लावून पाल-यावलच्या डोंगराकडची रेंज कळते असं कोणी समजू नये, तिथे नेट येतं-जातं, हे सेटिंग एका चालीने हळू चालतं. म्हणून पानातच छोटा कोड टाकला, 'परफॉर्मन्स.गेटएन्ट्रीजबायटाइप' ने प्रत्येक रिक्वेस्टची वेळ घ्यायची आणि व्यापाऱ्याच्या ऑफिसातनं आमच्याकडे पाठवायची.

आणि इथे डोकं फिरलं. आधी आतल्या वेळाच शून्य. एपीआय (जिथून पान भाव मागवतं) दुसऱ्या सबडोमेनवर, म्हणजे साईटच्याच वेगळ्या पत्त्यावर आहे, म्हणजे ब्राउझरच्या लेखी ते परकं, एकूण वेळ कळते पण सर्व्हरने कधी उत्तर दिलं ते दाखवत नाही. सर्व्हरवर 'टाइमिंग-अलाउ-ओरिजिन' हेडर (या वेळा बघू द्यायची परवानगी) लावला, झालं. ते एक ठीक, सुरक्षेसाठी आहे, समजू शकतो.

पण २५०! ब्राउझर रिक्वेस्टच्या वेळांची जी यादी ठेवतो, तीत डिफॉल्ट २५० च नोंदी राहतात. व्यापाऱ्याकडे आमचं पान सकाळी ८ ला उघडतं ते दिवसभर उघडंच, भावाची रिक्वेस्ट दर मिनिटाला. म्हणजे दुपारी १२ च्या सुमाराला यादी भरली, पुढचं काही नोंदलंच जात नाही. पान चालतंय, भाव येतोय, फक्त मोजणं थांबलंय, आणि कन्सोलमध्ये (डेव्हलपर टूल्समधला चुका-इशारे दाखवणारा टॅब) मला त्याची एक ओळ दिसली नाही. दुपारनंतर सर्व्हर मस्त चालतोय असं आमच्या आकड्यांवरून वाटत राहिलं आणि तिकडे तक्रारी चालूच. एखादी साधी इमेज सापडली नाही तरी कन्सोल लाल करून टाकतो, इथे माप बंद पडतं तर गप्प?

आधी वाटलं हे फेकून द्यावं आणि डॉलर भरावेत. मग 'परफॉर्मन्स ऑब्झर्वर' वापरून बघितला आणि मत बदललं. त्याला ही मर्यादा लागत नाही, नोंद आली की लगेच हातात देतो, 'बफर्ड' ट्रू ठेवलं की कोड सुरू व्हायच्या आधीच्या नोंदीपण मिळतात. जुन्याच पद्धतीने करायचं असेल तर 'सेटरिसोर्सटाइमिंगबफरसाइझ' ने आकडा वाढवता येतो, नाहीतर यादी भरल्याचा इव्हेंट ऐकून ती रिकामी करायची, पण एवढा खटाटोप कशाला.

आता दिवसभराचे आकडे येतात, खर्च शून्य रुपये. तरी एक स्टार कापतोय, त्या गप्प बसण्यासाठी. यादी भरल्यावर कन्सोलमध्ये एक पिवळी ओळ आली की तो परत देईन.