दंतकमानीचं गणित: काही महिन्यांच्या वापरानंतर

निष्कर्ष आधीच सांगतो. दंतकमानीवर, म्हणजे जबड्यातल्या दातांच्या कमानीसारख्या रांगेवर, गणिती वक्र बसवून मोजमाप करण्याची पद्धत मी आता कायमची धरली आहे, आणि ऑर्थोडोंटिक्स (वेडेवाकडे दात जागेवर आणण्याचं शास्त्र) करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या प्रत्येकाने ती वापरून बघावी असं मनापासून वाटतं. पण तिची जाहिरात ज्या गोष्टीसाठी होते, त्या गोष्टीसाठी नाही. सॉफ्टवेअर स्कॅनवर एक गुळगुळीत, सुबक कमान काढून दाखवतं आणि बघणाऱ्याला वाटतं की दात आता या रेषेवर आणून बसवायचे. ती रेषा म्हणजे उपचाराचं लक्ष्य नव्हे. कामाची गोष्ट वेगळी आहे: प्रत्येक दात त्या रेषेपासून किती लांब आहे, आणि कमानीची लांबी नेमकी कशाने वाढते.

जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे. प्लॅस्टरचं मॉडेल घ्यायचं, एका बाजूच्या पहिल्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेपर्यंत पितळी तार वाकवायची, मग ती सरळ करून मोजायची. व्हर्नियर कॅलिपरने एकेका दाताची रुंदी घेऊन बेरीज करायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जागेची टंचाई. यात कॅलिपरचा भाग भरवशाचा आहे, तारेचा नाही. सुळा बाहेर आलेला असेल तर तार त्याच्या बाहेरून न्यायची की तो नाहीच असं समजून पुढे जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दोघांनी एकाच मॉडेलवर तार वाकवली की दोन आकडे येतात. दात काढावे लागतील की नाही हा निर्णय काठावर असतो तेव्हा तो फरक फार महत्त्वाचा ठरतो.

मी आता स्कॅनवर प्रत्येक दाताचे ठरलेले बिंदू घेतो: पटाशीच्या दातांच्या कडेचा मध्य, सुळ्याचं टोक, उपदाढा आणि दाढांची गालाकडची टोकं. त्यांचे निर्देशक (बिंदूची जागा सांगणारे x-y आकडे) स्प्रेडशीटमध्ये घेऊन लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे बिंदूंपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल असा, वक्र बसवतो. बिंदू कोणते घ्यायचे हे एकदा ठरवून त्यावर ठाम राहावं लागतं. टोकांवरून काढलेली कमान आणि ब्रॅकेट (तार अडकवायचा दातावरचा छोटा तुकडा) जिथे चिकटवतो तिथून काढलेली कमान यांचा आकार एकसारखा येत नाही. आर्चवायर, म्हणजे ब्रॅकेटमधून जाणारी तार, निवडायची तर दुसरी लागते, जागेचा हिशोब करायचा तर पहिली.

कोणता वक्र घ्यायचा, हा वाद फार जुना आहे. दंतवैद्य बॉनविलने १८८५ मध्ये खालच्या जबड्याला ४ इंच बाजूचा समभुज त्रिकोण लावला आणि १९०५ मध्ये हॉलीने त्यावरून कमान आखली. १९४९ मध्ये मॅककॉनेल आणि शेर यांनी कॅटनरी सुचवली, म्हणजे दोन टोकांना धरून सोडलेली साखळी जो आकार घेते तो. ब्रेडरने १९७२ मध्ये तीन नाभी असलेलं लंबवर्तुळ मांडलं. १९९८ मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी बीटा फलन वापरलं, ज्याला फक्त कमानीची रुंदी आणि खोली (पुढच्या दातांपासून मागच्या दाढांपर्यंतचं अंतर) दिली की पुरतं. हे सोपेपण आकर्षक आहे, पण त्याची मर्यादा त्यातच आहे. रुंदी-खोली सारखी असलेल्या दोन कमानी, एक समोरून चौकोनी आणि एक निमुळती, या फलनाला एकच दिसतात. सुळ्यांपाशी काय चाललंय हे त्याला कळत नाही, आणि आमचं अर्धं काम तिथेच असतं.

म्हणून मी चौथ्या घाताच्या बहुपदीवर स्थिरावलो. तिची सम घातांची पदं कमान किती रुंद आणि खोल आहे ते सांगतात, विषम घातांची पदं डावं-उजवं किती असमान आहे ते सांगतात. घात वाढवत नेला तर वक्र प्रत्येक दाताला शिवायला बघतो. १४ बिंदूंना तेराव्या घाताची बहुपदी तंतोतंत बसते, शेष अंतर, म्हणजे दात आणि वक्र यांच्यात उरलेलं अंतर, शून्य. पण तो वक्र मग दातांची गर्दीच रेखाटतो, कमान नाही. वक्र जितका जास्त चिकटतो तितकी माहिती कमी मिळते, हे पटायला थोडा वेळ जातो.

एक उदाहरण देतो. एका मुलीची वरची कमान नुसत्या नजरेला सगळीच अरुंद वाटत होती, आणि पहिला विचार ती रुंद करण्याचाच येतो. वक्र बसवल्यावर उजवीकडची पहिली उपदाढ आत आणि तिच्या शेजारचा सुळा बाहेर, बाकीचे दात जवळपास रेषेवर. पण हे दोन दात वक्राला आपल्याकडे ओढतही होते. त्यांना वगळून वक्र पुन्हा बसवला तेव्हा त्यांची अंतरं आणखी वाढली आणि उरलेल्या दातांची आणखी घटली. कमान अरुंद नव्हती, अडचण दोन दातांची होती. लिटलने १९७५ मध्ये खालच्या पुढच्या दातांसाठी दिलेला अनियमितता निर्देशांक शेजारच्या दातांच्या पाच संपर्कबिंदूंमधली सरक मोजून बेरीज देतो. तो उपयोगी आहेच, पण बेरजेतून कोणता दात कुठल्या दिशेला हे कळत नाही. शेष अंतराला चिन्ह असतं, आत की बाहेर ते लगेच दिसतं.

आता लांबीचा हिशोब. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त आवडलेला भाग हाच. कमान म्हणजे अर्धं लंबवर्तुळ असं ढोबळपणे धरू, ३० मिमी खोल आणि ५० मिमी रुंद. लंबवर्तुळाच्या परिघाला नेमकं साधं सूत्र नाही, पण रामानुजन यांचं १९१४ चं जवळपासचं सूत्र या कामाला हवं त्याहून अचूक आहे. त्याने अर्धा परीघ ८६.६ मिमी येतो. रुंदी २ मिमीने वाढवली तर लांबी साधारण १.५ मिमीने वाढते. खोली, म्हणजे पुढचे दात फक्त १ मिमी पुढे नेले तर १.६५ मिमीने. पुढच्या दातांची एक मिलिमीटर सरक दाढांकडच्या दोन मिलिमीटरांपेक्षा जास्त जागा देते. हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं, पण रुग्णाचेच आकडे टाकून डोळ्यांसमोर आलं की विस्तार करून ‘भरपूर जागा’ मिळेल ही आशा आपोआप ताळ्यावर येते. अर्थात पुढचे दात पुढे नेण्याला हाड, हिरडी आणि ओठ यांची मर्यादा आहे आणि ती या सूत्रात कुठेच नाही. खालच्या सुळ्यांमधलं अंतर वाढवलं तर ते बहुधा परत आवळतं, तेही सूत्राला ठाऊक नाही.

स्पीच्या वक्राचंही तसंच. बाजूने पाहिलं की दातांच्या टोकांची रेषा मध्ये वाकलेली दिसते, तो हा वक्र. तो सपाट करायला खोलीइतकीच जागा लागते असा ठोकताळा बराच काळ चालत आला. ३५ मिमीच्या जीवेवर (दोन टोकांमधल्या सरळ रेषेवर) २ मिमी खोल वर्तुळखंड सपाट केला तर लांबीतला फरक जेमतेम ०.३ मिमी निघतो. खोली ४ मिमी असेल तर १.२ मिमी, म्हणजे खोली दुप्पट तर जागा चौपट. निव्वळ भूमितीने एवढीच जागा लागते. प्रत्यक्षात पुढचे दात पुढे झुकतात त्याचं कारण तार कशी ओढते यात जास्त शोधायला हवं.

तक्रारी आहेतच. सगळ्यात मोठी अक्षाची, म्हणजे डावं-उजवं ज्या मधल्या रेषेवरून मोजायचं तिची. बरीच सॉफ्टवेअर पुढच्या दोन दातांमधला बिंदू शून्य धरतात. मध्यरेषाच सरकलेली असेल तर संपूर्ण कमान तिरकी वाचली जाते आणि असमतोल चुकीच्या बाजूला दिसतो. वरच्या जबड्यात मी टाळूच्या मधल्या शिवणीवरून अक्ष घेतो. खालच्या जबड्यात अशी खूण नाही, तिथे दात चावलेल्या स्थितीतल्या स्कॅनवरून वरचा अक्ष खाली उतरवावा लागतो, आणि जबडा बाजूला सरकून बंद होत असेल तर तेही फसवं. दुसरी तक्रार स्कॅनची: तुकडे जोडत पूर्ण कमान तयार होताना चूक साठत जाते आणि ती सर्वाधिक दोन टोकांच्या दाढांमधल्या अंतरात उतरते. त्यामुळे दाढांमधलं अंतर मी आजही तोंडात कॅलिपर लावून तपासतो.

काही सॉफ्टवेअर अहवालात पाँटचा निर्देशांक आपणहून छापतात. वरच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीची बेरीज ३२ मिमी असेल तर कमानीची रुंदी उपदाढांपाशी ४० आणि दाढांपाशी ५० मिमी हवी, असं हे १९०९ चं सूत्र सांगतं. ते फ्रेंच लोकांच्या दातांवर बेतलेलं होतं. चार दातांवरून जबड्याची रुंदी ठरवणं मला पटत नाही, मी तो रकाना बघतही नाही. बोल्टनचं १९५८ चं गुणोत्तर मात्र रोज लागतं. खालच्या बारा दातांच्या रुंदीची बेरीज वरच्या बारांच्या ९१.३ टक्के आणि पुढच्या सहांची ७७.२ टक्के. त्याला वक्राची गरजच नाही, आणि ते बिघडलेलं असेल तर कितीही चांगला वक्र बसवला तरी दात नीट मिळत नाहीत.

मी वापरतो त्या सॉफ्टवेअरकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे वक्राचा प्रकार आणि घात वापरणाऱ्याला निवडू द्यावा, आणि दात वगळून वक्र पुन्हा बसवण्याची सोय तिथेच असावी. दुसरी म्हणजे प्रत्येक दाताचं शेष अंतर चिन्हासकट पडद्यावर दाखवावं. सध्या त्यासाठी निर्देशक बाहेर काढून स्प्रेडशीट उघडावी लागते, आणि गर्दीच्या दिवशी ते होत नाही. हे जमेपर्यंत तयार अहवालावर विसंबू नका, निर्देशक काढून घ्या आणि निदान काठावरच्या केसमध्ये तरी वक्र स्वतः बसवा.