सेमिस्टरची सुट्टी: प्रादेशिक रेल्वे की स्वस्त विमान?

जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांच्या सेमिस्टर तिकिटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवासी पासावर, देशभरच्या प्रादेशिक गाड्यांतून वेगळे भाडे न देता फिरता येते. आयसीईसारख्या वेगवान गाड्या त्यात येत नाहीत, त्यामुळे बर्लिनहून म्युनिक गाठताना गाड्या बदलण्यातच जवळजवळ अख्खा दिवस मोडतो. तरीही चार-पाच मित्र असतील तर हाच पर्याय उजवा, कारण एखादी गाडी चुकली तरी कुणाचे पैसे बुडत नाहीत आणि ड्रेस्डेनला उतरल्यावर एल्बे नदीकाठच्या बाड शांडाऊ गावापर्यंत जाण्याचा बेत ऐनवेळी आखता येतो.

स्वस्त विमानाने रोम काही तासांत गाठता येते, जर्मन निवास परवान्यावर वेगळा व्हिसाही लागत नाही. पण आसनाखाली न मावणाऱ्या सामानाचे पैसे निराळे पडतात आणि एकाचा बेत फिसकटला तर त्याचे तिकीट बहुधा वाया जाते.