बोटाचा ठसा की डीएनए : उलटतपासणीत जोर कुठे लावाल?

घरफोडीच्या किंवा खुनाच्या केसमध्ये दोषारोपपत्राला अंगुलीमुद्रा तज्ज्ञाचा अहवाल जोडलेला असतो, कधी डीएनएचा सी. ए. रिपोर्ट (सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), कधी दोन्ही. फौजदारी बाजूला नव्याने आलेले वकील विचारतात, यातला भक्कम कोणता आणि तपासून घ्यायचा कोणता? तपासून दोन्ही घ्यावे लागतात. फरक आहे तो कच्चा दुवा कुठे असतो यात.

ठसा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पोलीस ठाण्यात शाई लावून, बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून घेतलेला स्वच्छ ठसा. घटनास्थळी तसा क्वचितच मिळतो. तिथे कपाटाच्या मुठीवर घामाची एक पुसट खूण असते, अर्धी घसरलेली, कधी दुसऱ्या ठशावर चढलेली. ब्रशने पावडर फिरवून ती दिसती करायची, फोटो काढायचा, टेपवर उचलायची. प्रत्येकाच्या बोटांच्या रेषा वेगळ्या, हे मान्यच करून टाका. त्या एवढ्याशा तुकड्यावरून तज्ज्ञाच्या डोळ्याने काढलेला निष्कर्ष बरोबर आहे का, हे मात्र त्याने सिद्ध होत नाही. १९७९ मध्ये जसपाल सिंग विरुद्ध पंजाब या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अंगठ्याचा ठसा ओळखण्याचं शास्त्र चुकीला जागा न ठेवणारं आहे असं म्हटलं. सरकारी वकील ते वाक्य वाचून दाखवतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

उत्तर माद्रिदमध्ये आहे. ११ मार्च २००४ रोजी तिथे रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटर असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर ठसा मिळाला. एफबीआयच्या संगणकाने २० संभाव्य नावं दिली, त्यात चौथं होतं अमेरिकेतल्या ओरेगनचे वकील ब्रँडन मेफिल्ड यांचं. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठसा त्यांचाच ठरवला आणि मेफिल्ड दोन आठवडे कोठडीत राहिले. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच मत दिलं. त्याच सुमारास स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं जाहीर केलं. नंतरच्या चौकशीत चूक कशी झाली ते दिसलं: मेफिल्ड यांच्या स्वच्छ ठशात जे दिसत होतं, तेच तज्ज्ञ पिशवीवरच्या पुसट ठशात शोधू लागले होते. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते, कारण यात कुणी खोटं बोललं नव्हतं.

मग ठसा टाकाऊ आहे का? मुळीच नाही. २०११ मध्ये १६९ तज्ज्ञांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात चुकीची जुळणी ०.१ टक्का होती, खरी जुळणी निसटण्याचं प्रमाण ७.५ टक्के. ठसा चांगला असेल तर तज्ज्ञ सहसा चुकत नाही. पण आपली चाचणी होते आहे हे तज्ज्ञाला माहीत असताना घेतलेल्या चाचण्या आणि गाजलेल्या खटल्यातला दबाव, यांत अंतर आहे.

डीएनएचं तसं नाही. तिथे निष्कर्षासोबत आकडा येतो: असा नमुना योगायोगाने दुसऱ्या कुणाशी जुळण्याची शक्यता किती. एकाच माणसाचा भरपूर नमुना असेल तर डीएनए सरस, यात मला शंका नाही. जुळ्या भावंडांचा अपवाद. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत एकच येतो, ठसे मात्र वेगळे. अनेकांचा मिसळलेला नमुना असेल तर तिथेही अर्थ लावावाच लागतो. आणि डीएनए प्रवास करतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समध्ये सुमारे ४० ठिकाणी एकाच बाईचा डीएनए सापडला, पोलीस वर्षानुवर्षं तिच्या मागे. २००९ मध्ये कळलं, तो नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांच्या कारखान्यातल्या बाईचा होता.

आपल्याकडे दोन्ही पुरावे बहुधा प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच ढासळतात. मोहम्मद अमान विरुद्ध राजस्थान (१९९७) मध्ये पितळी भांड्यावरचा ठसा जुळला होता. पण भांडं सीलबंदच राहिलं याचा पुरावा नव्हता, तुलनेसाठी आरोपीचे घेतलेले नमुना ठसे दंडाधिकाऱ्यांसमोर घेतलेले नव्हते. आरोपी सुटले. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतले, प्रयोगशाळेत गेले २७ ला; मधले दिवस मालखान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवालावर विसंबायला नकार दिला.

म्हणून डीएनए असेल तर वेळ मुद्देमाल रजिस्टरवर घालवा: सील कुणी लावलं, कुणाच्या ताब्यात किती दिवस, कोण घेऊन गेलं. ठसा असेल तर हे सगळं कराच, पण तज्ज्ञाला साक्षीला बोलावण्याचा अर्जही द्या; अंगुलीमुद्रा केंद्राच्या संचालकांचा अहवाल साक्षीशिवाय वाचता येतो, म्हणून तो तसाच जाऊ देऊ नका. घटनास्थळाच्या ठशाचा मोठा केलेला फोटो मागवा. तज्ज्ञ पिंजऱ्यात आला की पहिला प्रश्न हा विचारा: आधी कुठला ठसा पाहिला, मुठीवरचा की आरोपीचा?