फ्रीसेल : अख्खा पावसाळा खेळून झाल्यावर

मे संपला की मालवणातला आमचा होमस्टे थंडावतो. लाईटचा भरवसा नाही, टॉवर पडला की नेटही नाही. जूनपासून गणपतीपर्यंत फोनवर आणि खऱ्या पत्त्यांवर फ्रीसेल हा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ खेळलो, त्याचा हा अनुभव.

बावन्न पत्ते आठ रांगांत उघडेच मांडायचे: चार रांगांत सात-सात, चारांत सहा-सहा. वर चार मोकळी घरं, एकेकात एकच पत्ता. रांगेत लाल-काळी उतरण (लाल पंजीवर काळी चव्वी, असं) लावत लावत चारही एक्के सोडवायचे आणि त्यांच्यावर राजापर्यंत चढवत न्यायचं. आई म्हणते, "सगळे पत्ते दिसतत, मगे खेळतंस काय?" गंमत तीच आहे. बदाम सातमध्ये हरलं की पिसणाऱ्याच्या नावाने बोटं मोडता येतात, इथे ती सोय नाही. पॉल आल्फिलने 1978 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो संगणकावर हा खेळ उतरवला. पुढे विंडोजवर आला तेव्हा त्यात 32,000 डाव होते आणि त्यांतला फक्त 11982 क्रमांकाचा सुटत नाही. म्हणजे अडलात तर वाट बहुतेक होतीच.

शिकताना सगळे मोकळ्या घरांवर तुटून पडतात. पत्ता अडला, टाक वर. चार घरं भरली की डाव तिथेच गोठतो. हिशेब साधा आहे: चारही घरं रिकामी असतील तर पाच पत्त्यांची उतरण एका दमात हलते, दोन भरली की तीनच. पण एक अख्खी रांग रिकामी केलीत तर हा आकडा दुप्पट होतो, पाचाचे दहा. म्हणून पहिला पत्ता हलवण्याआधी एक्के आणि दुर्र्या कुठे गाडल्यात ते बघायचं आणि त्यांतली छोटी रांग कोणती ते ठरवायचं. चौकटची दुर्री राजाच्या खाली दबलेली असेल, तर ती रांग आधी उपसा.

अ‍ॅपबद्दल. नेटशिवाय चालतं, हे इथे फार मोलाचं. पण पत्ते आपोआप एक्क्यांवर चढवायची सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा. बदामची पंजी परस्पर वर गेली की इस्पिकची चव्वी ठेवायची कुठे? जाहिराती तर नको तिथे येतात. आणि 'मागे घ्या'चं बटण हाताशी असलं की माणूस विचार न करता चाली रेटतो.

त्यामुळे शेवटी मी पडवीत चटई टाकून खरे पत्तेच मांडायला लागलो. पुठ्ठ्याचा कॅट आमच्या हवेत टिकत नाही; आषाढात पत्ते फुगतात, एकमेकांना चिकटतात, पिसताना तीन-तीन एकदम येतात. प्लास्टिकचा घ्या, ओल्या फडक्याने पुसता येतो. मांडायला वेळ लागतो, वारा सुटला की कडेची रांग उडते. तरी सवय लागेपर्यंत फोन आणि मग चटई, असंच मी सुचवीन. वेळ मारून नेण्यापुरतं काही हवं असेल तर मात्र दुसरं काहीतरी बघा. याचा एक डाव कधी कधी चहा गार करून जातो.